नाव गुप्त राहील

काष्टीजवळच्या दूध प्लांटमधली तक्रारपेटी गेली आणि मोबाईलवर ॲप आलं. "नाव विचारतच न्हाई, बिनघोर लिव्हा," असं खुद्द मॅनेजरनं सांगितलं. इनचार्ज भापकरच्या धाकानं भेसळीच्या दुधावर वर्षभर 'पास' लिहिणाऱ्या लॅबमधल्या सिल्व्हियानं त्याच दुपारी सगळं लिहून टाकलं. ॲपनं खरंच नाव विचारलं नाही. विभाग, पाळी आणि स्त्री की पुरुष, एवढंच विचारलं. कितीतरी दिवसांनी तिच्या घशाखाली चहा नीट उतरला.

सोमवारी भापकर मोबाईल घेऊन तिच्या टेबलाशी आला. चौकशी त्याच्याकडंच आली होती.

"नाव गुप्त हाय म्हनं. लॅब, दुसरी पाळी, स्त्री." त्यानं वाचून दाखवलं आणि मोबाईल तिच्यापुढं धरला.



"जरा मोजून सांगा, मॅडम, दुसऱ्या पाळीला आपल्या लॅबमधी बाया किती?"