अच्युतरावांची वामकुक्षी

दुपारी तीन वाजता अच्युतराव पुन्हा झोपेतच बंद पडले. वारल्यापासून ते लॅपटॉपमध्ये राहत. जेवणानंतर झाकण मिटून त्यांना वामकुक्षी घेऊ देण्याचा नेम त्यांच्या पत्नी कुसुमबाईंनी मोडला नव्हता. पण उठले की सकाळचं सगळं विसरलेले. नव्या नातीचं नाव बाई रोज नव्याने सांगत.

"काकू, दोष आवाज चालवणाऱ्या प्रोग्रामचा, ड्रायव्हरचा; झाकण मिटलं की तो अडकतो नि सगळंच बंद पडतं," दुरुस्तीवाला निनाद फोनवर म्हणाला. "नवा टाकला तर विसरणार नाहीत, पण आवाज काकांचा राहणार नाही. नाहीतर झाकण मिटूच नका."

"दुपारची झोप मोडली तर दिवसभर फणफणतात रे!"

बाईंनी नवा ड्रायव्हर टाकला, वामकुक्षीसाठी झाकण मिटलं, मग उघडलं आणि नातीचं नाव पुन्हा एकदा सांगितलं.

पडदा उजळला आहे. अच्युतराव अजून बोललेले नाहीत.