मेरानचं राज्य पडतं तेव्हा

"पाचपर्यंत शेवट बदलून पाठवा," संपादक फोनवर म्हणाले. "साम्राज्य पडतं ते खरं वाटत नाही. तिसऱ्यांदा सांगतोय. नाहीतर कादंबरी यादीतून काढावी लागेल."

कहकशानं घड्याळ पाहिलं. सव्वाचार. चार वर्षं खपून तिनं मेरान ग्रहावरचं राज्य उभं केलं होतं, निजामाच्या राज्यावरून. वेगळं नाणं, वेगळं टपाल, वेगळी आगगाडी. सगळं उभं राहिलं, पण ते पडत नव्हतं. जळणारी यानं लिहून झाली, बादशहाची शरणागती लिहून झाली.

लॅपटॉप घेऊन ती दादीच्या बाजेवर जाऊन बसली. खुर्शीदबी शेंगा फोडत होत्या.

"दादी, निजामाचं राज्य गेलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस ना? बाळापुरात त्या दिवशी काय झालं?"

"काहून? चंद्रावर बी निजामच बसवला का?"

"चंद्र नाही, मेरान. सांग ना. हात जोडते."

"तिथं तरी बरा माणूस बसवायचा." खुर्शीदबी हसल्या. मग त्यांचे हात थांबले. घरात त्या त्या दिवसाबद्दल कधीच बोलल्या नव्हत्या.

"फौज आली, फौज आली म्हणून ओरडा झाला. अब्बांनी दाराला कडी घातली. अम्मीनं पातेलं कल्हईला टाकलं होतं. म्हणली, घेऊन येते. अब्बा म्हणले, येडी हायेस का, राज गेलं. ती म्हणली, राज गेलं तर गेलं, पातेलं तर आपलं हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. आली न्हाई."

जळणारी यानं कहकशानं पुसून टाकली. मेरानच्या एका गल्लीत एका बाईनं कडी काढली आणि ती पातेलं आणायला निघाली. पंधरा-वीस ओळी झाल्या. राज्य पहिल्यांदाच पडलं.

"वाच," खुर्शीदबी म्हणाल्या.

तिनं वाचलं. पाचला तीन मिनिटं होती. तिनं बोट पाठवण्याच्या खुणेवर नेलं, तोच दादीनं तिचं मनगट धरलं.

"आता तिला परत आण."

"दादी, मग खोटं वाटेल."

"वाटू दे." पकड सुटेना. "एवढे तारे फिरवतीस, एक बाई घरी आणता येत न्हाई तुला?"