बांधाच्या टोकावर

शफटला पहिला मुलगा झाला आणि डोळे नीट उघडायच्या आत ते बाळ आपल्या आईबरोबर कार्थेजच्या गलबतात चढलं, त्या वर्षीचा वसंत. ग्रीकांच्या वेढ्यात सापडलेल्या सोर बेटाच्या तटावर शफटची आई अरिशत दोर धरून उभी होती. तिच्या मागे बायकांची आणि म्हाताऱ्यांची रांग. धडधाकट माणसं धनुष्यं घेऊन बुरुजांवर गेली होती.

दोराचं दुसरं टोक पाण्याखाली, शफटच्या हातात. जांभळ्या रंगाचे शंख काढणारा तो पाणबुड्या. ग्रीकांनी किनाऱ्यावरचं जुनं गाव पाडलं होतं. त्याचे दगड, वासे आणि फांद्यांसकट अख्खी झाडं समुद्रात लोटत त्यांनी बेटाकडे बांध आणला होता. तो आता हाकेच्या अंतरावर आला होता. शफटनं बुडालेल्या झाडाला आकडा अडकवायचा आणि दोराला हिसका द्यायचा. मग वरच्यांनी ओढायचं. एक झाड निघालं की वरचा भराव ढासळायचा.

"झालंच ना तसं," मागून हनानेल पुटपुटला. हा यहूदी तेलवाला अरिशतच्याच गल्लीतला. "आमच्या संदेष्ट्यानं खापरपणज्यांच्या काळातच सांगून ठेवलंय. सोरचे दगड, सोरचं लाकूड, सोरची माती, सगळं पाण्यात जाईल."

"तुझ्या संदेष्ट्याला म्हणावं, दोर ओढायला ये," अरिशत म्हणाली. "इतकी वर्षं आमच्या गळ्यात भेसळीचं तेल मारलंस, तेव्हा नाही आठवला तो?"

बायका हसल्या.

मग हसणं थांबलं. ग्रीक शिपायांनी एका म्हाताऱ्याला बांधाच्या टोकावर आणून उभं केलं. त्यानं कपाळावर हात धरून उन्हाची तिरीप अडवली, मान एका बाजूला कलती केली आणि पाणी न्याहाळू लागला.

"वहिनी, अहो, हा तर मत्तन," हनानेल म्हणाला.

अरिशतनं नवऱ्याला आधीच ओळखलं होतं. बुड्या मारून मारून त्याचा एक कान गेला होता, म्हणून मान तशी. वेढा पडला तेव्हा तो जुन्या गावात बहिणीकडे होता. तिकडेच अडकला.

"त्याला कशाला उभं केलंय तिथं?"

"बुडबुडे बघायला," अरिशत म्हणाली. "माशाचे कुठले आणि माणसाचे कुठले, ते त्याच्याइतकं कुणाला कळतं? त्यानं बोट दाखवायचं, यांनी भाले मारायचे."

पाण्यावर बुडबुडे आले. अगदी मत्तनच्या पायाशी. तिला तटावरून दिसले, म्हणजे त्याला दिसलेच. त्यानं ते बघितले. मग वर तटाकडे बघितलं. शिपायानं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. मत्तननं हात उचलला आणि पार पलीकडे, बंदराच्या बाजूला बोट दाखवलं. भाले तिकडे पडले.

दोराला हिसका बसला.

कुणी ओढेना. आकडा लागला होता तो मत्तनच्या पायाखालच्या झाडाला.

"सोडू या, वहिनी," हनानेल म्हणाला. "पोरगं येईल वर."

"येईल. आणि उद्या पुन्हा जाईल. उद्या तिथं दुसरा कुणी उभा असेल. तो खरं बोट दाखवेल."

दोराला पुन्हा हिसका बसला.

"ओढा," अरिशत म्हणाली. तटाच्या दगडाला पाय लावून पहिला जोर तिनंच दिला.

झाड मुळासकट बाहेर आलं. बांधाचं टोक खचलं. दगड, शिपाई, मत्तन, सगळे एकदमच पाण्यात गेले.

शफट तटाच्या पायथ्याशी पाण्यातून वर आला. धापा टाकत हसला.

"आई, किती पडले गं?"

अरिशत हातावरचे दोराचे वळ चोळत हनानेलकडे वळली.

"शेवटी काय होणार म्हणालाय तुझा तो?"

"उघडा खडक उरेल म्हणालाय. त्यावर कोळी जाळी वाळत घालतील."

"कुठले कोळी? आमचे?"

हनानेल दोर गुंडाळू लागला.

मत्तन त्या दिवशी दुपारी मेला. शफट त्याच उन्हाळ्यात मेला, तट फुटला त्या दिवशी. तोवर त्याला बापाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं.