फाटक्या ढोलाची थाप

"ढोल घुमला की लेकराला ताल धरू देऊ नकोस, बेटी," दारातल्या म्हाताऱ्या वादकानं बजावलं होतं. समरीननं ते हसण्यावारी नेलं. आखातातल्या मत्रह शहराच्या संग्रहालयात आज काळ्या लोकांच्या कलेची, गाण्यांची आणि बंडांची संध्याकाळ होती. श्रीवर्धनला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला दाखवायला तिनं व्हिडिओ कॉल लावला.

काचेच्या पेटीत गुलामांच्या बंडातला फाटका ढोल होता. कुणी हात न लावताच तो घुमला. कडेवरच्या हिबानं हौसेनं टाळी वाजवली आणि लगेच ती किंचाळली, "मम्मा, समबडी हिट मी!"

समरीननं तिचा फ्रॉक वर केला. पाठीवर चाबकाचा वळ होता. पुढच्या थापेसरशी समरीनच्या डोळ्यांदेखत कातडी फुटली, रक्त ओघळलं.

फोनवर बहीण खिदळत होती, "आपा, आमचा रय्यान बघ, कसा टाळ्या पिटतोय!"

"दिलशाद, त्याचा सदरा वर कर. पाठ बघ त्याची. आधी पाठ बघ!"