एकच पाय

अनसूयाचे हात पद्माच्या डाव्या पोटरीवर टेकले आणि तिथेच थांबले. बाळंतपणाला दहा दिवस झाले होते. अनसूया रोज मालीश करायला येत होती आणि आजवर सगळं बिनबोभाट चाललं होतं. आज डावा पाय उजव्याच्या दीडपट होता, कढत आणि पांढराफटक. पोटरी जरा दाबली तशी पद्मा कळवळली.

"वात धरलाय," पद्माची सासू विजयाबाई म्हणाल्या. "जोर लावून चोळ, मोकळा होईल."

"बाळंतिणीचे सुजले तर दोन्ही पाय सुजतात, बाईसाहेब. हा एकच आहे. याला मी तेल लावणार नाही. मुरार छावणीतल्या डॉक्टरनीला बोलवा."

"बारशाच्या आधी घरात डॉक्टरनी? दाना ओलीतल्या शेजारणींना काय तोंड दाखवू मी?"

अनसूया उठली. ओसरीवर पद्माचा नवरा रमाकांत दरबारच्या कचेरीत जायला पगडी बांधत होता. "टांगा करून मुरारला जा, भैया. तुम्ही नाही गेलात तर मी पायी जाते." त्याने आत आईकडे एकदा पाहिलं, अर्धवट बांधलेली पगडी खाली ठेवली आणि जोडे घातले.

विजयाबाईंनी पदर खोचला. "तुला जमत नसेल तर मी चोळते."

त्यांचा हात पोहोचायच्या आत अनसूयाने तेलाची वाटी उचलली. मनातून ती घाबरली होती, पण आता मागे हटायचं नाही एवढं पक्कं होतं. "तेल गरम आहे, वाया कशाला घालवायचं? बसा. तुमचे गुडघे पण कधीचे दुखतायत."

गुडघ्यांपुढे विजयाबाईंचंही काही चालत नसे. त्या बसल्या. अनसूयाने त्यांचे पाय मांडीवर घेतले. डॉक्टरनी येईपर्यंत ते सोडायचे नाहीत, असं तिने ठरवूनच टाकलं.

तास गेला. बाळ एकदा रडून पुन्हा झोपलं.

"चोळलं तर काय होतं गं?" विजयाबाईंनी विचारलं.

"आत रक्ताची गाठ असते म्हणे. चोळली की सुटते, छातीत जाऊन अडकते. डॉक्टरनीनेच सांगितलं होतं मला."

विजयाबाईंचे पाय तिच्या हातांत ताठ झाले.

"माझ्या लेकीचा, शरयूचाही एकच सुजला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या बाळंतपणाला आली होती. मीच चोळला. तीन दिवस."

अनसूयाने त्यांचे गुडघे सोडले नाहीत. ती चोळत राहिली.

गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. पद्मा उठू लागली. "पाय हलवू नकोस," विजयाबाई म्हणाल्या आणि तेलकट पायांनीच ओसरी ओलांडून गेल्या. त्यांनी दार सताड उघडलं आणि साऱ्या ओलीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "डॉक्टरनीबाई, हे घर. इकडे या."