शाळेसमोरचं खोदकाम

स्केल्बी गावातल्या शाळेजवळच्या वळणावर ट्रकखाली सापडून सहा वर्षांची बेथनी गेली. तेव्हापासून निवृत्त शिक्षिका म्युरिएल टॅन्सली तिथे सिग्नल मिळावा म्हणून कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे, उंबरे झिजवत होत्या. चार वर्षांनी मंजुरी मिळाली, आणि त्याच महिन्यात सरकारने पाच लहान कौन्सिल बरखास्त करून त्यांची एकच मोठी कौन्सिल केली.

"तुमची मंजुरी जुन्या कौन्सिलची होती," नव्या कार्यालयातली बाई फोनवर म्हणाली. "ती आता राहिलीच नाही. नव्याने अर्ज करा. पण यंदा तुमच्या भागात रस्त्याचं कुठलंच काम होणार नाही."

"मुलं मात्र यंदाही शाळेत येणार आहेत," म्युरिएल म्हणाल्या आणि पुन्हा दारोदार सह्या गोळा करायला लागल्या.

गुरुवारी सकाळी शाळेसमोर खोदकाम सुरू झालेलं बघून त्यांचे डोळे भरून आले. मुकादम त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, नेव्हिल. त्या लगबगीने घरी जाऊन सगळ्यांसाठी थर्मासभर चहा घेऊन आल्या.

"सिग्नल कधी सुरू होईल रे?"

नेव्हिलने नजर चुकवली. "सिग्नलचं मला काही ठाऊक नाही, बाई. आम्ही नव्या कौन्सिलच्या हद्दीत स्वागत करणारी पाटी लावायला आलोय."

म्युरिएलनी थर्मास उचलला. उरलेला चहा त्यांनी गटारात ओतून दिला.

दुपारी पाटी उभी राहिली, चांगली आठ फूट रुंद, आणि वळणावरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना शाळेचं फाटक दिसेनासं झालं.