एलादियोचा विक्रम

फेलिपाच्या थोरल्यानं, रादामेसनं, दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे सूर मारला आणि तिच्या अंगणात टीव्हीसमोर बसलेली अख्खी वस्ती उठून ओरडली, "एलादियो! एलादियो!"

चेंडू फेकणाऱ्या पिचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठायचा, याला बेसबॉलमध्ये चोरीच म्हणतात. एका मोसमातल्या चोऱ्यांचा जुना विक्रम त्या उडीनं मोडला. तिकडे अमेरिकेत मैदानातले प्रेक्षक उठून उभे राहिले. इकडे साखर कारखान्याच्या वस्तीत रमच्या बाटल्या उघडल्या, पोरं पत्रे बडवू लागली. फेलिपाचा नवरा फेर्मिन नवा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला होता आणि येईल त्याचा हात हातात घेत होता. शेजारीण चेपानं फेलिपाच्या पाठीत थाप मारली.

"काय गं चोराची आई, आज तरी हस की."

बोलून गेली आणि तिनंच जीभ चावली.

वस्तीतल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. एलादियो धाकटा. दमेकरी पोर, दुकानापर्यंत जायचं तर वाटेत बसायचा. सोळाव्या वर्षी तापानं गेला. त्याला पुरून आठवडा झाला नसेल, तोच अमेरिकेतल्या संघांसाठी पोरं हेरणारा दलाल दारात आला. रादामेसचे पाय त्याला पसंत होते, वय पसंत नव्हतं. विशीच्या पोराला तिकडे कुणी हात लावत नाही; सोळाचं असलं तर सोन्याच्या भावानं उचलतात. मेलेल्याला वयाचा काय उपयोग, असं दलाल म्हणाला. फेर्मिन दुसऱ्या दिवशी हो म्हणाला. फेलिपाला कुणी विचारलंच नाही. सरकारदरबारी थोरला मेला आणि धाकटा विमानात बसला.

सुरुवातीला रादामेसला एलादियो म्हणताना वस्तीची जीभ अडखळायची. मग त्याच्या पैशांनी घरांवर पक्की छपरं आली, चर्चमागे मैदान झालं, ज्याच्या त्याच्या पदरात काही ना काही पडलं आणि जीभ सरावली. लहान पोरांना तर दुसरं नाव माहीतच नव्हतं. फेलिपा फोनवर त्याला नुसतं 'बाळा' म्हणायची.

सामना संपल्यावर पडद्यावर रादामेसचा घामेजलेला चेहरा आला. कानांवरचे केस पिकायला लागले होते. एवढ्या कोवळ्या वयात पिकले, म्हणून तिकडचे लोक त्याची थट्टा करायचे. हा विक्रम कुणाला अर्पण करणार, असं कुणीतरी विचारलं. त्यानं बोट आभाळाकडे केलं.

"माझ्या थोरल्या भावाला. रादामेसला. धावणं त्याचं होतं. तो गेला बिचारा."

अंगणात कुणी कुणाकडे पाहिना. डोळे भरून आले ते फक्त इवेलिसचे. ही टीव्हीवाली पोरगी कॅमेरावाल्याला घेऊन सकाळीच राजधानीहून आली होती. तिनं डोळे पुसले आणि थोरल्याची कबर दाखवा म्हणून हट्ट धरला. फेर्मिननं हजार सबबी सांगितल्या. वाट चिखलाची आहे, बायकोची कंबर धरलीय, उन्हं उतरलीत. पोरगी ऐकेना. शेवटी फेलिपाच उठली.

"चला," ती म्हणाली.

उसाच्या फडापलीकडे दफनभूमी होती. फेलिपा सगळ्यांच्या पुढे चालत होती. मागून फेर्मिन, त्याच्यामागे चेपा आणि आणखी चारदोन जणं, मुकाट. बाकी कबरींवर गवत माजलं होतं, ही एक झाडूनपुसून लख्ख होती. सिमेंटच्या क्रुसावर फेर्मिननं कोरून घेतलेलं नाव थोरल्याचं होतं. जित्या पोराच्या नावापुढं मेणबत्ती लावणं फेलिपाला सोसायचं नाही. म्हणून ती आधी क्रुसावर फुलांचा हार चढवून ते नाव झाकायची. आज हार नव्हता.

कॅमेरा सुरू झाला. इवेलिस तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "सांगा त्याला, मावशी. आज काय झालं ते सांगा. आमच्याकडे बघू नका, नेहमी बोलता तसं बोला."

फेलिपा गुडघ्यांवर बसली. तिनं मातीवर हात ठेवला.

"एलादियो," ती म्हणाली, "बाळा, सगळी दुनिया तुझं नाव घेतेय रे आज. ऐकू आलं का तुला?"

फेर्मिनच्या तोंडचं पाणी पळालं. मागं चेपानं डोळे मिटून घेतले.

इवेलिस जवळ बसली. "मावशी, एलादियो तिकडे आहे," ती हळुवारपणे म्हणाली. "हा रादामेस ना?"

फेलिपानं तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. फेर्मिननं टोपी काढली होती आणि तिचा हातात चोळामोळा करत होता. एक शब्द, आणि तिकडचा पोरगा खेळातून उठला असता, कदाचित तुरुंगातही गेला असता.

"हो," फेलिपा म्हणाली. "गल्लत झाली माझी."

"होतं असं. पुन्हा घेऊ या?"

फेलिपानं होकारार्थी मान हलवली. फेर्मिन तिच्यामागे येऊन उभा राहिला. नाव नीट घे, असं काहीसं पुटपुटला. कॅमेरावाल्यानं बोट वर केलं. फेलिपानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मातीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. मग ती क्रुसाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात बोलली.

"रादामेस, तुझ्या धाकट्यानं नाव काढलं हो."